फवारणीचे कपडे

धाकट्या सुनेने बैठकीत तोंड उघडलं आणि आत्याबाईंचा बिस्किट धरलेला हात चहाच्या कपावर थांबला. आत्याबाई बिस्किट कारणाशिवाय थांबवत नसत. त्यांच्या यजमानांच्या आजारपणात डॉक्टर बोलत होते तेव्हासुद्धा बिस्किट आधी संपलं होतं.

फवारणीच्या प्रत्येक पाळीआधी त्या घरात अशी बैठक बसायची. स्वयंपाकघरातलं लांब टेबल, सगळ्यांना चहा, आणि टेबलाच्या टोकाशी आबा. सहाशे लिंबाच्या झाडांपैकी कुठल्या रांगेपासून सुरुवात करायची, कुठलं औषध किती पाण्यात मिसळायचं, वारा कुठून येतोय, हे आबा सांगत आणि बाकीचे माना डोलवत. घरात लोकशाही होती, फक्त मत एकालाच होतं. थोरला मुलगा माल घेऊन बाजाराला गेला होता, म्हणून त्याच्या वाटची मान आज थोरली सून डोलवत होती.

"आबा, उद्याची पाळी सुरू व्हायच्या आधी मला बोलायचंय," धाकटी म्हणाली. "ठकीबद्दल."

ठकी टेबलाखाली होती. सव्वादोन वर्षांची, गोल, घरातली सगळ्यात धाकटी आणि म्हणून सगळ्यांची मालकीण. आत्याबाईंची एक चप्पल तिने काढून घेतली होती आणि ती आबांच्या पायात घालायचा तिचा प्रयत्न चालला होता. आबांनी पाय नेमका हवा तेवढा वाकडा धरला होता.

ठकीच्या आजीने, माईंनी, चहाचं भांडं खाली ठेवलं. धाकटी काय बोलणार हे त्यांना ठाऊक होतं, कारण गुरुवारी आरोग्य केंद्राच्या नर्सबाई ठकीला तपासायला आल्या तेव्हा त्याही तिथेच बसल्या होत्या. नर्सबाईंनी पिशवीतून लाकडी ठोकळे काढले, चित्रं काढली, चेंडू काढला. ठकीने चेंडू घेतला आणि परत दिला नाही, तेवढं एक तिला छान जमलं. ठोकळ्यावर ठोकळा काही चढेना. कुत्रा कुठला, गाय कुठली, कशालाच बोट लावलं नाही. शब्द किती येतात असं नर्सबाईंनी विचारलं, तेव्हा सगळ्या घराने मिळून मोजले तरी ते तीनच भरले, आणि त्यातला एक फक्त आबांना कळायचा.

"आमच्या घराण्यात मुली उशिराच बोलतात," आत्याबाई तेव्हा म्हणाल्या होत्या. "पण एकदा सुरू झाल्या की मग बघा."

नर्सबाई हसल्या होत्या, पण त्यांनी वहीत लिहायचं ते लिहिलंच. मग एकेक प्रश्न. घरात काम कसलं? फवारणी कोण करतं? औषधाचे डबे कुठे असतात? फवारणीचे कपडे कोण धुतं? शेवटच्या प्रश्नाला माईंनी ताठ मानेने "मीच" असं उत्तर दिलं होतं. छत्तीस वर्षांत ते कपडे त्यांनी दुसऱ्या कोणाच्या हाती दिले नव्हते.

धाकटीने आता कागद उलगडला. "नर्सबाई म्हणाल्या, आधी कान तपासून घ्या. मंगळवारची वेळ मिळाली आहे. आणि दुसरं म्हणजे, या वयात मुलांच्या मेंदूची वाढ जोरात चालू असते. फवारणीचं औषध कपड्यांवरून, हातांवरून, बुटांवरून घरात येतं. मुलं जमिनीवर लोळतात, दिसेल ते तोंडात घालतात. म्हणून चार गोष्टी करायच्या. ओट्याशेजारच्या कपाटातले डबे घराबाहेर न्यायचे. बूट बाहेर. फवारणी करणाऱ्याने आंघोळ करून, कपडे बदलूनच मुलाला हात लावायचा. आणि ते कपडे वेगळे धुवायचे, घरातल्या कपड्यांत मिसळायचे नाहीत."

तिसरी गोष्ट ऐकून सगळ्यांनी आबांकडे पाहिलं. चौथी ऐकून माईंनी टेबलावरच्या मेणकापडाकडे पाहिलं.

तिसरी गोष्ट म्हणजे घराच्या वर्मावर बोट होतं. पाळीची शेवटची टाकी संपली की आबा बागेतून तडक घराकडे येत, पाठीवरचा पंप दारात उतरवत आणि घरातलं सगळ्यात लहान मूल दोन्ही हातांनी उचलून वरच्या चौकटीला टेकवत. "बाग वाचली!" असं ओरडत. त्यांच्या वडिलांनी त्यांना असंच टेकवलं होतं. ठकी गेली दोन वर्षं टेकत होती आणि आबांच्या ओल्या शर्टाला गाल घासून खिदळत होती. पंपाचा आवाज बंद झाला की ती दाराकडे धावत सुटायची.

"हे नर्सबाईंनी सांगितलं?" आबांनी विचारलं.

"हो."

"त्यांची बाग आहे का?"

"नाही, आबा."

"मग झालं." आबांनी चहा संपवला. "माझ्या बापाने मला उचललं. मी थोरल्याला उचललं, याला उचललं. काय धाड भरली आम्हाला?"

'याला' म्हणजे धाकटा मुलगा, ठकीचा बाप, जो आतापर्यंत कपाच्या कानाशी चाळा करत बसला होता. एकीकडे बायको, दुसरीकडे बाप. असा प्रसंग आला की तो पंप दुरुस्तीला निघून जायचा, पण पंप त्याने सकाळीच दुरुस्त करून ठेवला होता. नको तिथे तत्परता नडते ती अशी.

"दादा, हा साडेतीन वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता," आत्याबाई म्हणाल्या.

"आणि आता?"

"आता ऐकत नाही."

थोरलीला हसू फुटलं. आबांनाही फुटलं असतं, पण आज त्यांनी ते आवरलं. माई एरवी पहिल्या हसल्या असत्या. त्या मेणकापडावरची सुरकुती सपाट करत होत्या.

"मला एक सांगायचंय," थोरली म्हणाली, आणि सगळे सावध झाले, कारण या दोन जावांचं लग्नापासून आजवर एकाच गोष्टीवर एकमत झालं होतं, ते म्हणजे आत्याबाई फार दिवस राहतात. "माझा पोरगा वर्गात पाच मिनिटं एका जागी बसत नाही. दर महिन्याला बाई मला बोलावून घेतात. आणि घरी सगळे मला सांगतात, तू लाडावून ठेवलास. कशामुळे ते मला माहीत नाही. पण असं काही असतं हे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं, तर मी ते कपाट एकटीने ओढत बाहेर नेलं असतं. मी हिच्या बाजूने आहे."

धाकटीने जावेकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी यायचं ते आश्चर्याने आलं की मायेने, हे तिचं तिलाच कळलं नसावं.

"बाजू?" आबांचा आवाज चढला. "बाजू कसली? म्हणजे मी माझ्या नातीला विष चारलं, असं म्हणताय तुम्ही?"

टेबलाखालची खटपट थांबली. ठकी शब्द कमी जाणत होती, पण आबांचा आवाज जाणत होती.

"तसं मी म्हटलेलं नाही, आबा," धाकटी हळू आवाजात म्हणाली. "नर्सबाईसुद्धा म्हणाल्या, कशामुळे ते नक्की सांगता येणार नाही. पण नक्की कळेपर्यंत हात धुवायचे नाहीत, असं थोडंच आहे?"

"पंचेचाळीस वर्षं फवारतोय. एक झाड मेलं नाही माझ्या हातून."

"झाडांचं नाही म्हणत ती," धाकटा एकदम बोलला, आणि आपण बोललो याचा त्यालाच धक्का बसला. "आबा, झाडं काही तुमच्या अंगावर झोपत नाहीत."

आता मुलगाही गेला. आबांनी बहिणीकडे पाहिलं. आत्याबाईंनी ताबडतोब बिस्किट चहात बुडवलं. जिकडे पारडं जड तिकडे जायला त्यांना थोडा वेळ लागे, आणि पारडं अजून हलत होतं.

"ठीक आहे," आबा उठले. "उद्यापासून मी पंपाच्या शेडमध्येच राहतो. जेवण तिकडे पाठवा. नातीला माझी बाधा नको."

त्यांनी पायातली आत्याबाईंची चप्पल काढून हळूच बाजूला ठेवली आणि ते दाराकडे निघाले. रागावलेला माणूस पाय आपटत जातो. आबांना काही लागलं-खुपलं की ते सावकाश जात, आणि माईंना त्यांच्या पाय आपटण्यापेक्षा या सावकाश चालीची जास्त भीती वाटे.

आता गप्प राहिलं तरी चालणार होतं. माईंना ते स्वच्छ दिसत होतं. कपडे उद्यापासून वेगळे धुवायचे, कोणाला काही सांगायचं नाही, विषय संपला. आबा दोन दिवस शेडमध्ये बसतील, तिसऱ्या दिवशी पाठ दुखायला लागली की येतील. पण तोवर आणि त्यानंतरही, ठकीचं जे काही झालं असेल ते आबांच्या हातून झालं असंच या घरात सगळ्यांच्या मनात राहील. आबांच्या स्वतःच्या मनात तर मरेपर्यंत राहील. ताकाला जाऊन भांडं लपवायचं माईंना आयुष्यात कधी जमलं नव्हतं. आणि इथे तर भांडं नव्हे, टब होता.

"अहो, थांबा," माई म्हणाल्या. "बसा जरा."

आबा थांबले, बसले मात्र नाहीत.

"ते कपडे," माई म्हणाल्या. "तुमचे फवारणीचे. ते मी गरम पाण्यात, सोडा टाकून भिजवते. टबात."

"ते माहीत आहे सगळ्यांना," आबा म्हणाले.

"पुढचं माहीत नाही." माईंनी मेणकापडावरचा हात उचलला. "कपडे काढून घेतले की ते पाणी मी ओतून देत नाही. त्या पाण्यात पोराची दुपटी बुडवते. उशीचे अभ्रे. पांघरुणं. पिळते आणि उन्हात वाळत घालते. औषधाचं पाणी असलं की ढेकूण लागत नाही, पिसवा होत नाहीत, डास जवळ येत नाहीत. सासूबाईंनी मला शिकवलं, थोरला पाळण्यात होता तेव्हा. म्हणाल्या होत्या, ही आपल्या घरची युक्ती आहे, बाहेर सांगायची नाही. सुनेलाच सांगायची, आणि तीसुद्धा नीट वागणारी निघाली तरच."

थोरलीने विचारलं, "मग आम्हाला दोघींना कशी नाही सांगितलीत?"

"तुमच्यातली नीट वागणारी कोण, ते अजून ठरत नव्हतं," माई म्हणाल्या. खरं तेच त्यांच्या तोंडून निघालं, आणि मग त्यांना रडू कोसळलं. "दोन वर्षं, प्रत्येक पाळीला. ठकीला मी त्यातच गुंडाळून झोपवलंय. माझ्या हाताने. यांनी उचललं ते घडीभर. मी तर रात्र-रात्र."

आत्याबाईंचं बिस्किट तुटून कपात पडलं. त्यांनी ते काढायला चमचासुद्धा उचलला नाही. "वहिनी," त्या म्हणाल्या, "आईने ती युक्ती मला पण सांगितली होती. लग्न होऊन निघाले तेव्हा. माझी तिन्ही पोरं..." त्यांना पुढे बोलता येईना. घरातल्या सगळ्यांना पहिल्यांदाच कळलं की आत्याबाईंनासुद्धा शब्द सापडत नाहीत असं होऊ शकतं.

धाकटी उठली. माईंना वाटलं, ही आता पोरीला उचलून खोलीत जाईल आणि दार लावून घेईल, आणि तसं केलं तर तिचं काय चुकलं? धाकटी खरंच टेबलाखाली वाकली, ठकीला बाहेर काढलं, आणि माईंच्या मांडीवर आणून ठेवलं.

"मला राग आलाय, माई," ती म्हणाली. "खूप आलाय. तो जायला वेळ लागेल. पण तुम्ही आज बोलला नसता, तर ते मला कधीच कळलं नसतं आणि मी आबांशी भांडत बसले असते. दुपटी कुठली कुठली, ते मला दाखवा. सगळी टाकायची."

ठकीने आजीच्या गालावरचं पाणी बोटाने पुसलं आणि ते बोट तोंडात घालायला निघाली. चार मोठी माणसं एकदम "नको!" असं ओरडली. ठकी दचकली, मग चौघांची तोंडं बघून खदखदून हसली. घाबरलेल्या चार माणसांपुढे मूल हसत असलं की माणसांचा नाइलाज होतो. आधी थोरली हसली, मग धाकटा, मग डोळे पुसत माई.

आबा हसले नाहीत. ते परत आले आणि खुर्ची ओढून माईंसमोर बसले. त्यांना सुटकेचा रस्ता आयता मिळाला होता. 'बघा, मी नव्हे, ही!' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. माई त्या वाक्याची वाट बघत होत्या.

"पाणी तुझं असेल," आबा म्हणाले, "पण कपडे माझेच ना?"

बस, एवढंच. मग त्यांनी कागद पुढे ओढला आणि चारही गोष्टी स्वतःच्या आवाजात वाचून काढल्या, जणू काही त्या त्यांनीच नर्सबाईंना सांगितल्या होत्या. मागे बोअरजवळ नळ आहे, तिथे आडोसा करायचा. बूट तिथेच. डबे शेडमध्ये, कुलपात, किल्ली धाकट्याकडे. पानं पोखरणारी अळी प्रत्येक रांगेत नाही, तेव्हा सरसकट फवारायचं की अळी दिसेल तिथेच, तेही बघू. सगळ्यांनी माना डोलावल्या. फक्त या वेळी आबा प्रत्येक गोष्टीनंतर थांबून धाकटीकडे बघत होते आणि तिची मान हलली की पुढे जात होते.

त्या दुपारी घरातून जी वरात निघाली ती बघण्यासारखी होती. पुढे धाकटा, हातमोजे घालून, डब्यांची पेटी घेऊन. मागे दोघी सुना, नाकाला फडकी बांधून, दुपट्यांचं गाठोडं धरून, आणि गाठोडं कसं धरायचं यावरून आतापासूनच भांडत. एकमत टिकलं ते जेमतेम दोन तास. सगळ्यांच्या मागे आत्याबाई, हात रिकामे, सूचना करत. संध्याकाळी त्यांनी तिन्ही मुलांना एकामागून एक फोन लावले, आणि तिघांनाही उगाचच "जेवलास का, जेवलीस का?" असं विचारून ठेवून दिले.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास पंपाचा आवाज बंद झाला.

ठकी हातातलं सगळं टाकून दाराकडे धावली. धाकटीने तिला कमरेत धरलं. पायवाटेवर आबा दिसले, पाठीवर पंप, शर्ट ओला. दोन्ही हात वर करून ते तिथेच उभे राहिले. ठकीनेही हात वर केले. आबा एक पाऊलही पुढे येत नाहीत हे बघून तिने जो गळा काढला, तो बागेच्या पलीकडे गेला असेल. आबा वळले आणि बोअरच्या आडोशाकडे अक्षरशः पळत गेले. चौसष्टाव्या वर्षी, पाठीवर रिकाम्या टाकीचा खडखडाट करत.

"साबण कुठाय?" आतून ओरडा आला. "या घरात एक साबण मिळत नाही!"

"तुमच्या समोरच आहे, हिरवा!" धाकट्याने उत्तर दिलं.

"हा? हा भांड्यांचा आहे!"

"अंगाचाच आहे, आबा!"

त्या गदारोळात ठकी रडायची थांबली आणि कान देऊन ऐकू लागली. धाकटीने ते पाहिलं, आणि मंगळवारची तिची धास्ती थोडी कमी झाली. दहा मिनिटांनी आबा आले, निथळत, मुलाचा टी-शर्ट घालून, कानामागे फेस तसाच. ठकीने त्यांच्याकडे पाठ फिरवली. फसवणूक ती इतक्या सहज माफ करणार नव्हती. आबांना जमिनीवर बसून तीनदा मांजराचा आवाज काढावा लागला, तेव्हा कुठे ती मागे-मागे सरकत आली आणि त्यांच्या मांडीत बसली. मग आबांनी तिला उचलून चौकटीला टेकवलं, आणि खाली आल्यावर तिने त्यांच्या कानामागचा फेस काढला आणि त्यांनाच दाखवला.

माई तेवढ्यात मागच्या बाजूने आडोशाकडे गेल्या होत्या. वेगळा टब धाकटीने सकाळीच आणून ठेवला होता. आबांचे कपडे त्यात पडले होते. माईंनी पदर खोचला आणि त्या वाकल्या, जशा छत्तीस वर्षं वाकत आल्या होत्या.

"हात लावू नकोस."

आबा मागे येऊन उभे होते. पोरीला त्यांनी आत सोडलं होतं. धाकट्याचे हातमोजे ते चढवत होते, एक उलटा, एक सुलटा.

"अहो, तुम्हाला कुठे येतं कपडे धुता?" माई म्हणाल्या. "सोडा किती घालायचा ते तरी माहीत आहे का?"

"विचारीन. तू तिकडे उभी राहा. अजून लांब."

"मला काय होतंय? मी काय लहान पोर आहे?"

आबांनी टबात हात घातला. शर्ट कुठून धरायचा हे त्यांना कळत नव्हतं, म्हणून त्यांनी तो कॉलरला धरून बुडवला. खाली बघतच ते म्हणाले, "काल रात्री मी पडल्या पडल्या विचार करत होतो. नर्सबाईंनी मुलांचं विचारलं, माझं विचारलं. झाडांचं तर मीच बोललो. छत्तीस वर्षं तुझे उघडे हात या पाण्यात होते. ते कोणीच विचारलं नाही. मीसुद्धा."

माई तिथेच, सांगितल्या अंतरावर, उभ्या राहिल्या. आबा शर्ट भलत्याच बाजूने पिळत होते. एरवी त्यांनी तो हातातून ओढून घेतला असता.

"सोडा एक मूठ," त्या शेवटी म्हणाल्या. "आणि पिळताना तोंड बाजूला करा. डोळ्यांत उडेल."